भरलेली वलांडी

आईनं मला ते सांगितलं तेव्हा ती वसईजवळ पापडीच्या एका दवाखान्यात होती आणि मी तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून मोसंबी सोलत होतो. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी एका शाळेच्या कचेरीत कारकून होतो आणि संध्याकाळी आमच्या वाडीच्या मच्छीमार सोसायटीचं दफ्तर सांभाळायचो. वाडीत सगळे मला सेक्रेटरी म्हणत. लिहिता येणारा, नोकरीतला, कुणाशी न भांडणारा माणूस म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. न भांडणारा हे खरं आहे. मी कधी कुणाशी भांडलो नाही, आणि जिथे बोलायला हवं होतं तिथेही तोंड उघडलं नाही.

आईनं विचारलं, शेजारच्या काकांचं कसं चाललंय. मला नवल वाटलं, कारण त्यांचं नाव आमच्या घरात निघत नसे. आमची दोन घरं वाडीच्या उत्तर टोकाला, खाडीच्या तोंडाशी, एकमेकांना लागून. मध्ये फक्त एक भेंडीचं झाड. पण जाणंयेणं नव्हतं. वाडीत कुणाचंच त्यांच्याशी नव्हतं. त्यांना लग्नाचं बोलावणं जायचं नाही. त्यांच्या होडीवर वाडीतला माणूस चढायचा नाही, ते बाहेरगावचे खलाशी आणायचे. आमच्याकडे रीत अशी की वाडीत कुणी गेलं तर त्या दिवशी होड्या पाण्यात जात नाहीत. माणूस गरीब असो, भांडकुदळ असो, दारुडा असो, होड्या थांबतात. पण काकांची आई गेली तेव्हा वाडीतल्या होड्या भरतीला नेहमीसारख्या निघून गेल्या. मी तेव्हा शाळेत जायचो. का, ते मी कुणाला विचारलं नाही. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की काकांनी कस्टमला होडी पकडून दिली होती.

मी म्हटलं, बरे आहेत काका.

आई छताकडे बघत म्हणाली, "त्यानं नाय पकडून दिली. ती वलांडी मी भरली होती."

मी मोसंबी सोलत राहिलो. एक फोड तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली नाही.

हे कळायला आधीचं थोडं सांगायला हवं. माझ्या जन्माच्या आधीचं आहे, तेव्हा जे ऐकलं तेच सांगतो. इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती, पण दमण अजून पोर्तुगीज फिरंग्यांकडे होतं. दमणच्या बंदरात मनगटी घड्याळं, दाढीची पाती, फाउंटन पेनं, रेशमी कापड, बाटल्या, सगळं उघड्यावर विकत मिळे, कारण तिथली जकात नावापुरती. तोच माल आमच्या किनाऱ्याला लागला की त्याच्यावर सरकारची भली मोठी जकात, आणि ती चुकवून आणला तर तुरुंग. दमण म्हणजे आमच्या माणसांना काही परमुलूख नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ते तिकडच्या पाण्यात जाळी टाकत आले होते, तिकडच्या तांडेलांशी, म्हणजे होडीच्या नायकांशी, त्यांची सोयरीक होती. आणि तसं पाहिलं तर आमच्या वसईचा किल्लाही त्याच फिरंग्यांनी बांधलेला. एक किल्ला त्यांच्या हातून गेला, एक राहिला, आणि जो राहिला त्याच्या दारातली वस्तू जो गेला त्याच्या दारात आणणं हा गुन्हा झाला. वाडीत त्याला चोरी कुणी म्हणत नसे. ‘आणणं’ म्हणत. अमका आणतो, तमक्याचा बाप आणायचा.

आणायची पद्धत साधी होती. माल होडीच्या पोटात, वर बर्फ आणि मासळी. रात्रीबेरात्री यायचं नाही, कारण रात्री येणाऱ्या होडीवरच कस्टमवाल्यांचा डोळा. दिवस मावळायच्या सुमाराला सगळ्या होड्या परतात, त्यांच्या घोळक्यात मिसळून यायचं. पण त्या दिवशी कस्टमवाले नेमके वाडीत येऊन बसलेत की नाही, हे पाण्यावरच्या माणसाला कसं कळणार? त्यासाठी काकांची वलांडी होती.

वलांडी म्हणजे बोंबील वाळवायचा बांबूंचा मांडव. माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी उंच, आडव्या काठ्या, आणि त्यांच्यावर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. भरलेली वलांडी लांबून पांढुरकी दिसते, रिकामी असली तर नुसते काळे बांबू. आमच्या वाडीत वलांड्या पुष्कळ, पण काकांची सगळ्यात टोकाला, वाळूच्या उंचवट्यावर, खाडीत शिरणाऱ्या माणसाला पहिली दिसणारी. ती भरलेली असली तर या. रिकामी असली तर बाहेरच थांबा. एवढंच. हे ठाऊक होतं ते होडीवरच्या माणसांना आणि वाडीतल्या जाणत्यांना. नव्या सुनांना ह्यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलेलं होतं. सून माहेरी जाते, माहेरी बोलते.

आई त्या वर्षी लग्न होऊन आलेली. अठरा वर्षांची. ती मूळची खाडीकाठच्या शेतकऱ्यांची, भाताच्या गावातली. बोंबलाचा वास तिला पहिले काही महिने सोसला नाही, हे ती हसत सांगायची. त्या दिवशी माझी आजी आणि काकांची बायको, दोघी पाट्या घेऊन बाजाराला गेल्या होत्या. दुपारी कस्टमवाले जीपनं आले, त्यांनी वाडीतल्या पुरुषांना देवळापुढे बसवून ठेवलं. काकांना त्याची खबर थोडी आधी लागली होती. त्यांनी आपल्या वलांडीवरचे बोंबील घाईघाईनं उतरवले, पाट्यांत भरून घरात ठेवले, आणि मग तेही देवळापुढे जाऊन बसले. होडी संध्याकाळी येणार होती, चौघं जण होते तिच्यावर.

आमच्या घरी त्या दिवशी बोंबील उदंड आले होते. आमच्या दोन वलांड्या भरून दोन पाट्या उरल्या. ऊन कडक, माश्या घोंघावताहेत, सासू घरात नाही. आणि शेजारची वलांडी रिकामी.

"आमच्या गावात शेजाऱ्याचं खलं रिकामं असलं की आपलं भात तिथं झोडायचं," आई म्हणाली. "कोन विचारत नाय. रिकामं ठेवलं तर उलट वाईट वाटतं माणसाला. मला वाटलं, सासू येईल, बघेल, बोलेल, पोरगी कामाची हाय."

ती एकटीच त्या उंचवट्यावर गेली आणि तिनं दोन्ही पाट्या टांगल्या. काठ्यांच्या वरच्या रांगेला हात पुरेना म्हणून पाटी उपडी करून तिच्यावर उभी राहिली. संध्याकाळी होडी आली. तिनं वलांडी भरलेली बघितली आणि सरळ आत शिरली.

चौघांना नेलं. होडी जप्त झाली. तांडेल तुरुंगातच तापानं गेला. बाकीचे तिघे शिक्षा भोगून आले, पण त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी, वाडीनं निकाल लावला होता. होडीतला सगळ्यात तरुण खलाशी जीपमध्ये चढताना ओरडून गेला होता की वलांडी भरलेली होती. ती होतीच. सगळ्यांनी जाऊन बघितली. काका म्हणाले, माझे उतरवलेले बोंबील घरात आहेत, या, डोळ्यांनी बघा. लोकांनी बघितले. मग कुणीतरी म्हणालं, घरातले तुझे, तर बाहेरचे कुणाचे? बोंबलावर काही कुणाचं नाव नसतं.

आई दारामागून हे ऐकत होती.

"बोलली का नाहीस?" मी विचारलं. माझ्या आवाजात राग नव्हता. मला नुसती दमणूक आल्यासारखं झालं होतं.

"तू पोटात होतास. मला म्हायेरी धाडलं असतं. चार मानसं तुरुंगात, आनि मी बोलू, मी केलं?" मग पुन्हा, "उद्या बोलू, परवा बोलू करता करता तांडेल मेला. मग कसं बोलनार?"

आजीला कधी संशय आला का, तेही मी विचारलं. आई म्हणाली, सासूनं त्या रात्री पाट्या मोजल्या आणि काही न बोलता झोपली. त्यानंतर आजीनं आईला वलांडीच्या कामाला कधी लावलं नाही. वाडीत बायका म्हणायच्या, सासूची लाडकी आहे, हात घाण होऊ देत नाही.

आई त्याच हिवाळ्यात गेली. जायच्या आधी तिनं मला काही करायला सांगितलं नाही. काकांना सांग असं म्हणाली नाही, सांगू नको असंही म्हणाली नाही. मी पुढे बरीच वर्षं याच गोष्टीच्या आड लपलो. तिला सांगायचं असतं तर तिनं सांगितलंच असतं, मी कोण. असं स्वतःला समजावणं फार सोपं असतं.

पुढच्या वर्षी काकी गेल्या. सकाळी नऊच्या सुमाराला. दहाला भरती होती. मी सोसायटीच्या पायरीवर उभा राहून बघत होतो. होड्या एकेक करून सुटल्या, त्यांत माझ्या धाकट्या भावाचीही होती. काकांच्या अंगणात त्यांची मुलगी, जावई, बाहेरगावचे ते दोन खलाशी आणि लांबचे चार नातेवाईक. इंजिनांचा आवाज त्यांच्या दारातून जात होता. मुलगी उठून बाहेर आली, तिनं पाण्याकडे बघितलं आणि आत गेली. मी तिला लहानपणापासून ओळखतो. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान.

महिन्याभरानं काका सोसायटीच्या कचेरीत आले. आत नाही, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी या म्हटलं तरी आत आले नाहीत.

"एक अर्ज लिहायचाय," ते म्हणाले. "सोसायटीला. मी मेलो की होड्या थांबवा. एक दिवस. बाकी माझी काय मागनी नाय."

मी कागद घेतला. ते सांगत गेले तसं लिहीत गेलो. त्यांनी त्यात कुठेही लिहायला लावलं नाही की मी निर्दोष आहे. ते चाळीस वर्षं सांगून झालं होतं बहुधा. फक्त एवढंच, की माझा जन्म या वाडीतला आणि माझी होडी या वाडीत नोंदलेली, म्हणून वाडीच्या रितीप्रमाणे माझ्यासाठी होड्या थांबाव्यात. उंबऱ्याच्या बाहेरून हात लांब करून त्यांनी सही केली. मग म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुझं. आईचं वलन हाय." आईला लिहिता येत नव्हतं. त्यांना ते ठाऊक नसावं, किंवा त्यांना नुसतं काहीतरी चांगलं बोलायचं असावं.

तो अर्ज मी पंचांपुढे ठेवला नाही. ठेवला असता तर चर्चा झाली असती, चर्चेत ती होडी निघाली असती, ती वलांडी निघाली असती, आणि मला एक तर बोलावं लागलं असतं किंवा सगळ्यांच्या देखत गप्प बसावं लागलं असतं. टेबलाच्या खणात गप्प बसणं सोपं होतं.

काका मधूनमधून विचारायचे. भेंडीच्या झाडाखाली जाळं विणत बसलेले असायचे, मी कामावरून येताना दिसलो की मान वर करायचे.

"मिटिंग झाली का?"

"झाली."

"काय बोलले?"

"विचार करतो बोलले."

"करू देत," ते म्हणायचे. "मला घाई नाय." आणि स्वतःच हसायचे. मग एकदा म्हणाले, "लवकर करा बोल त्यांना. मी वाट बघतोय म्हनून मरत नाय, असं नको व्हायला."

पाच वर्षं मी त्यांना हे उत्तर देत होतो. त्या पाच वर्षांत आमच्या आजूबाजूला किती बदललं. नालासोपाऱ्याला इमारतींवर इमारती चढल्या. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर चादरी अंथरून पोरं परदेशी घड्याळं विकायची, परदेशी पाती, परदेशी पेनं, हवं ते घ्या. कुणी अडवत नव्हतं. ज्या मालासाठी एक माणूस तुरुंगात मेला आणि दुसरा जिवंतपणी वाडीबाहेर झाला, त्याच्याकडे बघून लोक भाव करत आणि न घेता पुढे जात. मी एकदा तिथे उगाच थांबलो. पोरगा म्हणाला, "अंकल, लेना है तो बोलो, टाइमपास मत करो." मी पुढे निघालो.

काका गेले ते एका गुरुवारी सकाळी. मी शाळेत निघालो होतो, भेंडीपाशी त्यांच्या मुलीच्या रडण्याचा आवाज आला. ती दोन दिवस माहेरी येऊन राहिली होती. भरती अकराची होती. होड्यांवर बर्फ चढत होता, डिझेलचे कॅन चालले होते.

आता बोलायचं, असं मी ठरवून बंदरावर गेलो. खरोखर ठरवलं होतं. तिथे तीस-चाळीस माणसं कामात. मी एकाला म्हटलं, काका गेले. तो म्हणाला, "कलला. जरा ती दोरी दे." मी दोरी दिली.

मग मी सोसायटीच्या कचेरीत गेलो. हवामानाचा इशारा तेव्हा सोसायटीत फोनवर यायचा आणि मी तो बाहेरच्या फळ्यावर लिहायचो. इशारा असला की होडी न्यायची नाही, नेली आणि काही झालं तर विम्यापासून सगळ्याची बोंब. त्या दिवशी फोन आला नव्हता. मी खडू घेतला आणि लिहिलं, वाऱ्याचा जोर वाढण्याचा संभव, आज कोणीही होडी नेऊ नये. खाली माझी सही केली. दोन ओळी लिहायला मला पुष्कळ वेळ लागला, कारण अक्षर नेहमीसारखं यायला हवं होतं.

होड्या थांबल्या. शिव्या घालत, पण थांबल्या. बर्फ उतरवला गेला. दुपारी काकांना नेलं तेव्हा किनाऱ्यावर सगळ्या होड्या रांगेनं उभ्या होत्या, आणि काही रिकामी झालेली माणसं, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून असेल, चार पावलं मागून चालत आली. मुलीनं ते सगळं बघितलं. परतताना ती माझ्यासमोर थांबली. तिनं हात जोडले. म्हणाली, "दादा, तुम्ही केलंत. बाबांनी सांगितलं होतं मला अर्जाचं." मी नुसती मान हलवली. ती मान मी कशासाठी हलवली ते मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळपर्यंत पान हललं नाही. समुद्र तळ्यासारखा. पारावर लोकांनी मला धरलं. एक जण म्हणाला, "सेक्रेटरी, तुमचा वारा वसई स्टेशनला गाडी चुकला काय?" सगळे हसले. मीही हसलो. भाऊ हसला नाही. घरी जाताना त्यानं विचारलं, फोन खरंच आला होता का. मी हो म्हटलं.

काकांची मुलगी लग्न होऊन वसईतच एव्हरशाईन सिटीत राहते. त्यानंतर चार वर्षं ती नारळी पौर्णिमेला वाडीत यायची, सोसायटीच्या नावानं एक नारळ द्यायची आणि मला वाकून नमस्कार करायची. चाळिशी उलटलेली बाई, वाकून. तिच्या मुलांना सांगायची, आजोबांसाठी अख्ख्या वाडीनं होड्या थांबवल्या होत्या, ह्या मामांनी थांबवल्या. मुलंही नमस्कार करायची. चौथ्या वर्षी मी ती येणार त्या वेळेला शाळेत काम काढून बसलो. पाचव्या वर्षी, पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, मी तिच्या घरी गेलो.

ती गवार मोडत बसली होती. नवरा बाहेर गेला होता, मुलं क्लासला. ती चहा टाकायला उठू लागली तशी मी म्हटलं, बस, आधी ऐक. आणि मग सगळं सांगितलं. आई, उरलेल्या पाट्या, रिकामी वलांडी, खणातला अर्ज, विचार करतो बोलले, फळा, खोटा वारा. काही ठेवलं नाही. सांगायला वाटलं होतं त्यापेक्षा फार थोडा वेळ लागला.

ती गवार मोडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे होड्या वाऱ्यासाठी थांबल्या. बाबांसाठी नाय."

"हो."

"तुझी आई गेली तेव्हा थांबल्या होत्या?" आतापर्यंत ती मला तुम्ही म्हणत आली होती.

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या. काकांचीसुद्धा."

तिनं हातातली शेंग ताटात टाकली. "बाबा त्या दिवशी होडीवरून परत आले, खलाशांना घरी पाठवलं. मी म्हटलं, आपल्यासाठी कोन थांबतं, तुम्ही कशाला थांबता. बोलले, रीत हाय." ती उठली, गॅसपाशी गेली, चहा न ठेवताच परत आली. "तू हे मला कशाला सांगतोस? मी काय करू ह्याचं? मी होते सुखात. वाडीत जाऊन सांग. मला सांगून हलका होऊन जाऊ नकोस."

ती बरोबर बोलत होती. मी हलका व्हायलाच गेलो होतो.

सोसायटीची वार्षिक सभा त्याच महिन्यात होती, देवळाच्या हॉलमध्ये. विषय नेहमीचे. डिझेलचा कोटा, बर्फाच्या कारखान्याची मोटर, जेटीचं रेंगाळलेलं काम. डिझेलचा विषय संपला तसा मी उभा राहिलो. भाऊ दुसऱ्या रांगेत होता. आदल्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं आणि तो म्हणाला होता, मेलेल्या आईला चव्हाट्यावर आणलंस तर माझ्या दारात येऊ नकोस. मी तरी बोललो. बोलताना त्याच्याकडे बघितलं नाही.

माझं बोलून झालं. मग एकानं विचारलं, "हे इतिवृत्तात घ्यायचं का?" इतिवृत्त मीच लिहीत होतो. घ्यायचं, म्हटलं, आणि उभ्याउभ्या लिहायला लागलो.

मागच्या भिंतीला टेकून एक म्हातारा बसला होता. जीपमध्ये चढताना ओरडून गेलेला तो तरुण खलाशी हाच. त्या चौघांतला आता एवढाच उरलेला. आयुष्यभर काकांच्या दारावरून जाताना तो थुंकल्याशिवाय पुढे गेला नव्हता. तो हळूहळू उठला.

"वलांडी भरलेली होती," तो म्हणाला. "ते मी खरं बोललो होतो. डोल्यांनी बघितलं. पन कोनी भरली ते कुठं बघितलं होतं मी? ते मी माझ्या मनानं लावलं." एवढं बोलून तो खाली बसला.

कुणीतरी म्हणालं, काकांवरचा ठपका काढल्याचा ठराव करू. अध्यक्ष म्हणाले, माणूस गेला, आता ठराव करून कोणाला दाखवायचा, पुढचा विषय घ्या. कोणी हरकत घेतली नाही. बर्फाच्या कारखान्याची मोटर मंजूर झाली.

भाऊ त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. त्याचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. आईनं हे मला सांगितलं होतं, वाडीला नाही. मी काकांचं ऋण फेडायला तिची लाज वापरली, आणि तीही काका गेल्यावर. काका असताना एका वाक्यानं भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीच्या वेळेला मी बंदरावर गेलो. आकाश स्वच्छ होतं, फळा कोरा होता. होड्या सुटत होत्या. भावाची पहिल्या दहांत गेली. म्हाताऱ्याची होडी मात्र दोरीला होती आणि तो तिच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, पाय खाली सोडून बसला होता. त्याचे दोन्ही मुलगे वाळूत उभे राहून त्याला समजावत होते.

"बाबा, बर्फ भरलाय. वितलतोय."

"वितलू दे."

"भरती जाईल."

"जाऊ दे. उद्या येईल."

थोरला माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा, सेक्रेटरी, तुम्ही काय करून ठेवलंत." भरती उतरेपर्यंत म्हातारा तिथेच बसून होता. बाकी सगळ्या होड्या केव्हाच क्षितिजापाशी गेल्या होत्या. होडीतून पाणी ठिबकत होतं, ते वाळूत मुरत होतं.

कचेरीत येऊन मी एव्हरशाईनला, काकांच्या मुलीला, फोन लावला. सभेत बोललो, एवढं तिला सांगितलं. ठराव झाला नाही, तेही सांगितलं. ती ऐकत होती.

"आज एक होडी थांबली," मी म्हटलं.

"कोनाची?"

मी सांगितलं. मला वाटलं फोन कट झाला.

मग तिनं विचारलं, "बर्फ भरला होता का त्यांनी?"

"भरला होता."

"मग फुकट गेला असेल."

"गेला."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.